पाणी कोणतं पाजता?

गोंदियात मला खोली मिळाली ती डिस्टिल्ड वॉटरमुळे. माझं खानदान, माझा स्वभाव, मी सिगारेट ओढतो की नाही, यातलं काही त्या बाईंनी विचारलंच नाही. दारातच उभं ठेवून म्हणाल्या, "काम काय करता?" मी म्हटलं, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे डिस्टिल वॉटर काय असते, ते माहीत आहे?" म्हटलं, आहे. "मंग नळाच्या पाण्यात अन् त्याच्यात फरक काय?" आता खोली पाहायला आलोय की तोंडी परीक्षा द्यायला, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण गुमान सांगितलं, की साध्या पाण्यात क्षार असतात, यात नसतात. "बरोबर," त्या म्हणाल्या. "एवढं या गल्लीत एकाले समजत नाही. या आत."

आत गेल्यावर खुर्चीत टेकायच्या आधी दुसरं वाक्य आलं. "मी बौद्ध आहो. घरी विचारून घ्या. मागाहून कटकट नको." मी छाती काढून म्हणालो, "त्यात विचारायचं काय, मॅडम!" आणि कोपऱ्यावर जाऊन पहिला फोन आईला लावला. आमचं घर चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं, पोवारांचं, धानाच्या शेतीवर चालणारं. घरमालकीण बौद्ध आहे, असं आईला सांगितलं. मग तिनं विचारलं, पाणी चोवीस तास येते का? म्हटलं, येते. "मग राह," म्हणाली. तोंडावर शौर्य दाखवायचं आणि मागून घाबरायचं, ही माझी खोड जुनी आहे. ती लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं.

गल्ली त्यांना 'बडी मॅडम' म्हणायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीतला भाजीवाला त्यांच्यासमोर हातगाडी सरळ रेषेत उभी करायचा. लग्न केलं नव्हतं. उंची बेताची, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. बाहेर पडताना कायम पांढरी साडी, कधी निळ्या काठाची, कधी बिनकाठाची, आणि तिच्यावर सुरकुती शोधून दाखवावी. माणसांना नावानं हाक मारणं त्यांना जमत नसे की आवडत नसे, कोण जाणे. समोरचे डॉक्टर 'डॉक्टर', दूधवाला 'दूध', आणि मी पहिल्या दिवसापासून 'टेक्निशियन'. "टेक्निशियन, जेवला का?" असं त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या आणि उत्तराची वाट न पाहता वाटी पाठवायच्या.

निवृत्तीच्या वेळी शाल-श्रीफळ देतात. यांनी आठ दिवस आधीच स्टाफरूममध्ये जाहीर करून टाकलं, "शाल नको. शालीचं मी काय करू या गोंदियाच्या उन्हात? मले वाफेची इस्त्री द्या." मास्तर लोक हसले, पण आणली. आकाशी रंगाची, पोटात पाण्याची पारदर्शक टाकी असलेली. ती बडी मॅडमच्या बैठकीतल्या लाकडी कपाटात एकटीच राहायची. त्या कपाटाला कुलूप होतं. दागिने होते ते स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात, कुलूप इस्त्रीला.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही माझा ॲप्रन इस्त्रीनं दाबता दाबता. "माय बिड्या वळे. मले शाळेचा एकच फ्रॉक. तो रोज धुवे अन् सकाळी पितळेच्या लोट्यात चुलीतले निखारे भरून त्या लोट्यानं दाबे. नुसत्या गरम लोट्यानं सुरकुती जात नाही. मंग माय तोंडात पाणी घेऊन फ्रॉकवर फुर्र करे. वाफ निघे." इस्त्री त्यांनी टाचेवर उभी केली. "आमच्या कपड्यावर सुरकुती दिसली का लोकांले बोलायला जागा भेटे. मायनं जागा ठेवली नाही." एवढं बोलून त्यांनी माझा ॲप्रन घडी करून अंगावर फेकला आणि म्हणाल्या, "बटनाच्या पट्टीवर चहा सांडत जाऊ नको."

रविवारी सकाळी ओट्यावर त्यांचा दवाखाना भरायचा. अख्ख्या वॉर्डातल्या बिघडलेल्या वाफेच्या इस्त्र्या तिथं येत. बायका पदराखाली झाकून आणायच्या. आमची गल्ली म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी मराठी. "बडी मॅडम, देखो ना, भाप ही नहीं आती, पानी टपकता है." मॅडम इस्त्रीला हातही न लावता पहिला प्रश्न विचारायच्या, "पाणी कोणतं पाजता?" बोअरचं, असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. "तुमच्या बोअरच्या पाण्यानं पाणी तापवायचा गंज पांढरा होते, नळाची तोटी बुजते, अन् हे बारीक बारीक भोकं नाही बुजणार? तुम्ही पाजाल तेच ती ओकणार ना, बापा!"

मग तपासणी. पाणी टपकतं, वाफ नाही, तर गोल बटण पाहायचं. नव्वद टक्के बायांनी ते रेशमावर ठेवून वाफ सोडलेली असे. तवा तापलाच नाही तर पाण्याची वाफ होणार कुठून, ते तसंच खाली येणार. बटण सुतीवर, पाच मिनिटं थांबा, मग वाफ सोडा. वाफेबरोबर पांढरे कण पडत असतील तर आत चुना बसला. अर्धं पाणी, अर्धा पांढरा व्हिनेगर टाकीत भरायचा, इस्त्री तापवायची, बंद करून तसंच मुरू द्यायचं, मग जुन्या टॉवेलवर वाफ सोडत सगळी घाण काढायची आणि शेवटी दोनदा स्वच्छ पाण्यानं. तव्याची भोकं दात कोरायच्या लाकडी काडीनं साफ करायची. सुई लावली तर खबरदार. काम झालं की टाकी रिकामी करायची, इस्त्री उभी ठेवायची, गार झाल्याशिवाय वायर गुंडाळायची नाही. हे सगळं त्या फळ्यावर खडूनं लिहायच्या. हो, ओट्यावर फळा होता, शाळेनं मोडीत काढलेला.

स्क्रूला मात्र त्या हात लावत नसत. "स्क्रू खोलला म्हणजे ऑपरेशन झालं. मी पोटाची डॉक्टर." तवा तापतच नाही, झटका लागतो, वायर जळल्याचा वास येतो, अशी केस आली की चिठ्ठी लिहून थेट बाजारातल्या इलेक्ट्रिशियनकडे. एकदा एका पोरीनं जळका डाग काढायला तव्यावर तापाची गोळी घासून आणली होती. मोबाइलवर पाहिलं म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "ताप इस्त्रीले नाही, तुझ्या अकलेले आला. गोळी तू घे."

पण त्यांचा एक कायदा होता आणि तो सगळ्यात कडक होता. ज्यानं बिघडवली त्यानंच आणायची. एका राइस मिलवाल्यांच्या बंगल्यावरून ड्रायव्हर भारीतली इस्त्री घेऊन आला. मॅडमनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि इस्त्री तशीच परत दिली. "जिच्या हातून बिघडली तिले पाठव. मी रागवत नाही. पण हात कोणाचा होता ते सांगायला तोंड पाहिजे." मालकीणबाई पुढच्या रविवारी स्वतः आल्या, ओट्यावर पाच जणींमागे बसल्या आणि पाणी बोअरचं पाजते म्हणून बोलणीही खाऊन गेल्या. मी खिडकीतून पाहत होतो. मोठी गंमत वाटली होती तेव्हा.

आता माझ्या प्रतापाकडे येतो.

उन्हाळा होता. गावी चुलतभावाचं लग्न निघालं. मला पांढरा सुती कुर्ता घालायचा होता आणि तो कडक पाहिजे होता. आमच्याकडे कडक म्हणजे पेजेचा. भात शिजला की वरचं पाणी निथळून काढायचं, ती पेज. आई कुर्ता पेजेत बुडवते, वाळवते, पाणी शिंपडते, मग इस्त्री. एक दिवस जातो. माझ्याकडे एक तास होता. बस पकडायची होती. मॅडम घर माझ्या भरवशावर टाकून दुपारीच विहारात झाडझूड करायला गेल्या होत्या, कारण दोन दिवसांवर बुद्धपौर्णिमा. फ्रिजमध्ये त्यांची पेजेची बाटली होती. उन्हाळ्यात दुपारी मीठ घालून एक ग्लास त्या घेत, मलाही देत. आणि माझ्या सायन्सच्या डोक्यात प्रकाश पडला. पेज वेगळी आणि वाफ वेगळी कशाला? पेजच टाकीत भरली तर? एका हातात दोन कामं! हे इतर कुठल्या मुलुखातल्या माणसाला सुचलं नसतं. त्याला धानाच्याच देशात जन्मावं लागतं आणि वर पदवी घ्यावी लागते.

कपाटाची किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे असते, हे मॅडमशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी त्यांची समजूत होती. मी रोज खिडकीतून पाहत होतो. त्या घरी असताना त्यांच्यासमोर इस्त्री वापरायला मला मुभा होती, मागे नाही. तरी काढली. पेज मलमलच्या फडक्यातून गाळली, म्हणजे मी किती काळजीवाहू बघा, आणि टाकीत ओतली. फवाऱ्याचं बटण दाबलं, कुर्त्याच्या कॉलरवर आणि बटनपट्टीवर पेज उडवली, तवा फिरवला. वा! कॉलर पुठ्ठ्यागत उभी राहिली. मी मनात स्वतःला शाबासकी दिली. मग वाफ सोडली तर आतून गुर्रर्र आवाज, आणि घरभर करपलेल्या खिचडीचा वास. चटकन बटण बंद केलं. टाकी ओतली, तवा पुसला, इस्त्री नीट टाचेवर उभी करून कपाटात ठेवली, किल्ली घड्याळामागे. उरलेली पेज बाटलीत. आणि कडक कुर्ता घालून बस पकडली.

तीन दिवसांनी परत आलो तर मॅडम बैठकीत खाली बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्र, त्यावर इस्त्री. शेजारी पांढरी साडी, तिच्यावर तपकिरी चट्टे. पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरलं, साडीवर वाफ सोडली आणि इस्त्रीनं पोटातलं सगळं बाहेर काढलं. त्या दिवशी त्या विहारात गेल्याच नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या साड्या होत्या, पण नाही गेल्या.

मला सांगायचं होतं. खरंच सांगणार होतो. पण त्या आधीच बोलायला लागल्या होत्या, फळ्यासमोर उभं राहून बोलतात तशा. "चुना असता तं व्हिनेगरनं सुटला असता. दोनदा केलं. सुटत नाही. म्हणजे हा चुना नाही. करपल्याचा वास आहे, म्हणजे खायची वस्तू आहे. आता पाह." त्यांनी प्रथमोपचाराच्या डब्यातून टिंक्चर आयोडीनची बाटली काढली. भोकातून खरवडलेला चिकट कण बशीत ठेवला आणि एक थेंब टाकला. कण निळाकाळा झाला.

"सातवीच्या पोरांले शिकवत होती मी हे," त्या हळूच म्हणाल्या. "स्टार्च. टेक्निशियन, ही पेज आहे."

मी मान हलवली. आता सांगतो, आता सांगतो, असं मनात घोकत होतो. त्यांनी चष्मा काढला.

"कपाटाले कुलूप. किल्ली फक्त मले माहीत. पेजेची बाटली अन् पाण्याची बाटली एकसारखी, म्हणून मी त्याच्यावर चिठ्ठ्या लावल्या. तरी मी पेज भरली. अन् भरल्याचं मले आठवतही नाही." चष्मा पुसत त्या म्हणाल्या, "अक्काचं असंच सुरू झालं होतं. पहिले चपला फ्रिजमध्ये ठेवल्या. शेवटी स्वतःचं घर वळखे ना. कोणाले सांगू नको."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचा मुलगा नागपुरात. तो बरीच वर्षं मागे लागला होता, मावशी, एकटी राहू नको, घर बंद कर, आमच्याकडे चल. मॅडम त्याला दर वेळी उडवून लावत. त्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून मी त्यांचा फोन ऐकला. "ये तू रविवारी. हो. सामान बांधून ठेवते. हो रे बापा, घर देऊन टाकू. काही कामाचं नाही आता."

सोमवार होता. रविवारला सहा दिवस होते आणि एकेका दिवसाला माझ्याकडे नवीन कारण होतं. आज त्या थकल्या आहेत. आज माझी ड्यूटी आहे. आज शेजारीण बसली आहे. खरं कारण एकच, मी भित्रा आहे. पण त्या सहा सकाळींनी माझी झोप घालवली. मॅडम उठल्या की आधी हजेरी घ्यायला लागल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या पहिल्या वर्गाची हजेरी, तोंडपाठ. एकेक नाव मोठ्यानं, पुढं 'हजर' आपणच. डोकं शाबूत आहे का, ते तपासत होत्या. एकोणिसाव्या नावाला अडकायच्या. पुन्हा पहिल्यापासून. भिंतीपलीकडे मी उशीत तोंड खुपसून पडलेला असायचो. लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही.

रविवारी त्यांनी दवाखाना मांडलाच नाही. फळा पुसून भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. एक बाई पदराखाली इस्त्री घेऊन आली, तर त्यांनी तिला आतूनच सांगितलं, "मले आता समजत नाही यातलं. बाजारात जा." ते वाक्य ऐकलं आणि मी उठलो. त्या ट्रंकेत साड्या भरत होत्या.

"मॅडम, इस्त्रीत पेज मी टाकली होती."

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. "दया करून राहिला का माझ्यावर?"

"नाही, मॅडम. खरंच. लग्नाला जायचं होतं, कुर्ता कडक करायला..."

"मंग सोमवारी मी तुझ्यासमोर आयोडीन टाकलं, तेव्हा काऊन मूग गिळून बसला?"

"भ्यालो."

"कोणाले?"

"तुम्हाला."

"किल्ली कुठं असते?"

"घड्याळामागं."

त्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. मग मान हलवली. "यानं काही होत नाही. किल्ली माहीत आहे म्हणजे काढली असं नाही. मी हेडमास्तर होती, टेक्निशियन. एका पोट्ट्याले वाचवायला दुसरा पोट्टा 'मी केलं' म्हणून उभा राहते, हे मी कितीक वेळा पाहिलं. चांगल्या मनाचे असतात ते. पण खोटे असतात. जाय, जेवून घे."

आता काय करावं? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो तर ते कुणी मानायला तयार नाही! मी तसाच खोलीत धावलो. लग्नाची पिशवी अजून सोडली नव्हती. कुर्ता चुरगळलेला, पण कॉलर तशीच ताठ. तो त्यांच्यासमोर धरला. "टाका आयोडीन."

त्यांनी कुर्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाटली उघडली आणि कॉलरवर थेंब टाकला. कॉलर निळीकाळी झाली. त्यांनी बाहीवर टाकला. बाहीवर नुसता पिवळा डाग पडला, कारण तिथं मी पेज उडवली नव्हती. परत कॉलरवर टाकला. निळाकाळा.

"फवाऱ्यानं उडवली का?"

"हो."

"फक्त कॉलरवर अन् पट्टीवर?"

"हो."

त्या ट्रंकेवरच बसल्या. "म्हणजे मी नाही," म्हणाल्या.

"नाही, मॅडम. तुम्ही नाही."

"मी नाही," त्या परत म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. एवढी करारी बाई, आणि माझ्या मूर्खपणामुळे सहा दिवस मनातल्या मनात मरत होती. मलाही रडू आलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि मला जे झापलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "गाढवा! सहा दिवस! डिग्री घेतली का घेतली नाही? पेजेले आच लागली का ती चिकटते, हे तुझ्या मायले माहीत आहे, तुले नाही? अन् तोंड कुठं ठेवलं होतं? मिलवाल्याची बायको येते ओट्यावर, तुले भिंतीपलीकडून येता येत नाही?" मी खाली मान घालून उभा होतो आणि खरं सांगतो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

भाचा दुपारी गाडी घेऊन आला. त्याला मटण-भात वाढला आणि रिकाम्या गाडीनिशी परत पाठवला. "डोकं जागेवर आहे माझं," असं त्या त्याला दारात सांगत होत्या. "पुरावा आहे."

इस्त्री दुरुस्त करायची शिक्षा अर्थात मला. कोमट पाणी भरा, तापवा, हलवा, टॉवेलवर सोडा, ओता. परत भरा. भोकं लाकडी काडीनं. लॅबमधून आलो की हेच. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ यायला लागलं, आठव्या दिवशी पांढऱ्या फडक्यावर मॅडमनी स्वतः वाफ सोडून पाहिली आणि पास केलं. साडीचे डाग पुरते गेले नाहीत. ती साडी त्या तशीच नेसायच्या, डागाचा भाग निऱ्यांत आत खोचून. कुर्त्याच्या कॉलरवरचा निळा रंग धुण्यात गेला, पण मळकट पिवळा ठिपका राहिला. आई म्हणाली, टाकून दे. मी ठेवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं, गोंदियातच दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. मॅडम ऐंशीच्या पुढे गेल्या. आणि गेल्या दोन वर्षांपासून त्या खरंच विसरायला लागल्या आहेत. अक्कासारखंच. भाच्यानं दिवसरात्र राहायला एक बाई ठेवली आहे, कारण घर सोडून त्या कुठं जायला तयार नाहीत. हजेरी आता सातव्या-आठव्या नावाला अडकते. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडतो. पांढऱ्या साडीचा मात्र अजून हट्ट आहे, आणि आपला हातही थरथरतो म्हणून ती बाईकडून दाबून घेतात.

मागच्या आठवड्यात त्या बाईंचा फोन आला. "भाऊ, येता का? मॅडमनी इस्त्रीत चहा भरून ठेवला. अन् आता पाहून राहिल्या अन् घाबरून गेल्या. कोणाचं ऐकत नाही. जेवल्या नाही."

मी कपाटातून तो कुर्ता काढला. असा फोन आला की तोच घालून जातो. दूध उन्हात राहिलं होतं तेव्हा गेलो होतो, किल्ली हरवली होती तेव्हा गेलो होतो. मॅडम बैठकीत खाली बसल्या होत्या, समोर वर्तमानपत्र, त्यावर इस्त्री. मी कोण ते त्यांना लगेच कळलं असं वाटलं नाही. पण डोळ्यांतली भीती मी ओळखली. ती मी एकदा सहा दिवस पाहिली होती.

"यात चहा कोणी टाकला?" त्यांनी विचारलं.

"मी, मॅडम. चुकलं माझं."

"खरं सांगतो, का दया करून राहिला?"

"खरं सांगतो."

"पुरावा?"

मी वाकलो आणि कॉलर पुढं केली. त्यांनी चष्मा नीट केला, पिवळ्या ठिपक्यावर बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग त्यांच्या खांद्यांतला ताण गेला आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा झाला. "तूच होय! गाढवा. बस खाली. पाणी कोणतं पाजता?"

"डिस्टिल्ड, मॅडम."

"अन् काम झालं का टाकीचं काय करायचं?"

मी म्हटलं, माहीत नाही. मग त्या मला पहिल्यापासून शिकवायला लागल्या, आणि बाईंनी ताट आणून ठेवलं तेव्हा बोलता बोलता जेवल्या.